साठ रुपयांचा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. सकाळी विहारात त्रिशरण-पंचशील झाले, पोरांना खीर वाटून झाली आणि आम्ही घरी येऊन संगणक सुरू केला, तर पडद्यावर पाटी उभी. 'विंडोज १०' ची मुदत आज संपली, यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत आणि आपले यंत्र 'विंडोज ११' साठी पात्र नाही. 'पात्र नाही' हे दोन शब्द आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. त्यामुळे आधी हसूच आले.

धाकटा नववीत आहे. तो म्हणाला, "पप्पा, मागचं विंडोज ७ पण नामविस्तार दिनालाच संपलं होतं." पाहिले तर खरेच. १४ जानेवारी २०२०. ही कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या पाठवते, आणि दुसरा मंगळवार उशिरात उशिरा १४ तारखेला पडतो. त्यात दुसरे काही गूढ नाही. तरी धम्मदीक्षेच्या दिवशीच आमच्या संगणकाला निवृत्तीची नोटीस यावी, याची वस्तीत दोन दिवस चर्चा झाली.

हा संगणक आम्ही २०१३ साली घेतला. पतसंस्थेचे कर्ज काढून सत्तावीस हजार पाचशे रुपये मोजले. त्यात जुळवलेला डबा, इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि सपाट पडदा एवढे आले. कार्यालयात दिवसभर दुसऱ्याच्या कागदांवर टंकलेखन करून संध्याकाळी घरी पुन्हा तेच करायला कोणाला हौस असते? पण विहार समितीचे इतिवृत्त, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब, बौद्ध पद्धतीने लागलेल्या लग्नांची नोंदवही, जात पडताळणीसाठी लोकांनी आणून दिलेले शाळा सोडल्याचे जुने दाखले हे सगळे या डब्यात शिरत गेले. 'महाडीबीटी' वर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची पद्धत आल्यापासून तर दर वर्षी पोरांची ओसरीवर रांग लागते. बाजारात एका अर्जाला जे पैसे मोजावे लागतात, ते आमच्याकडे पडत नाहीत. मंडळी चहा करून करून थकतात, एवढाच खर्च.

पाटी आली त्यानंतर पंधरा दिवसांत यंत्रानेही जणू मनावर घेतले. सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे. लाईट गेली की तारीख मागे जाऊन १ जानेवारी २०१२. त्या तारखेवर कोणतीही साइट उघडायला तयार नाही, 'आपले कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. मध्येच पडदा गोठायचा आणि डब्यातून बारीक 'टक्‌ टक्‌' आवाज यायचा. लोह्यात विजेचे येणे-जाणे आणि उन्हाळ्यातली धूळ या यंत्राने बारा वर्षे सोसली होती.

एका रविवारी डबा साडीच्या कापडात बांधला, एसटीत मांडीवर घेतला आणि नांदेडला नेला. दुकानाचे नाव सांगत नाही. तिथल्या माणसाने झाकण उघडले, फुंकर मारली आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "मदरबोर्ड गेलाय. यात पैसा घालू नका. ठेवून जा, दीड हजार कमी करतो." नव्या संगणकाचा कागद हातात दिला. अडतीस हजार पाचशे, अठरा टक्के जीएसटी धरून. आम्ही विचारले, "मदरबोर्ड गेला तर मग चालू कसा होतो?" त्याने ऐकले नसावे. डबा परत मांडीवर घेऊन आम्ही लोह्याची गाडी धरली.

रात्री घरात सभा भरली. मोठी लेक नांदेडला बी.एस्सी. करते, शनिवार-रविवार घरी येते. तिचे म्हणणे सरळ होते. "पप्पा, मला प्रोग्रामिंग शिकायचंय. हा डबा माझ्याबरोबरचाच म्हातारा झालाय. नवा घ्या, नाही तर लॅपटॉप घ्या, हप्ते पाडा." मंडळी अंगणवाडीत सेविका आहेत. त्यांच्या सगळ्या नोंदी आता मोबाईलवर जातात. त्या म्हणाल्या, "मोबाईल आहेत ना घरात तीन. काय अडतं?"

इथे आम्हाला बोलावे लागले. मोबाईलवर अर्ज पाहता येतो, पण लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र लागते. ते दहा बोटांनी मिळते. आमच्या आजोबांचा अंगठा सावकाराच्या वहीवर शाईत बुडाला. नातवंडांचा अंगठा काचेवर दिवसभर वर-खाली फिरतो. बाकीच्या नऊ बोटांचे काय? ती कळफलकाशिवाय शिकत नाहीत. आम्ही स्वतः बी.कॉम. करता करता गोदरेजच्या टाइपरायटरवर शिकलो, त्याच्यावर आज घर चालते. म्हणून टेबलावरचा संगणक घरात राहणार, एवढे त्या रात्री ठरले. जुना की नवा, हे नाही ठरले.

बी.कॉम.ची सवय जात नाही. वही घेऊन घसारा काढला. आयकराच्या हिशेबात २०१७ पासून संगणकावर चाळीस टक्के घसारा धरत आले आहेत, त्याआधी साठ टक्के होता. चाळीसचाच दर बारा वर्षे लावला तर सत्तावीस हजार पाचशेचे किती उरतात? एकोणसाठ रुपये शहाऐंशी पैसे. म्हणजे खतावणीप्रमाणे आमच्या टेबलावर साठ रुपयांची वस्तू उभी होती, आणि तिच्यावर तीन-चार हजार खर्च करावे की नाही यावर आम्ही भांडत होतो. लेक म्हणाली, "बघा, तुमचाच हिशेब सांगतोय." आम्ही गप्प.

आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिला यातले काही कळत नाही असे आम्ही धरून चाललो होतो. तिने विचारले, "त्येच्यात तुही आत्या हाय का अजून?"

कोणी काही बोलले नाही.

२०१६ साली धम्मदीक्षेला साठ वर्षे झाली तेव्हा आम्ही वस्तीतल्या आणि नात्यातल्या चौदा म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मोबाईलवर भरून घेतले होते. पाटलाच्या वाड्यावरची कामे, पहिला पगार, पहिली शाळा, दीक्षेनंतर घरातले देव विहिरीत कसे टाकले ते, आणि १९७८. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला ४ ऑगस्टला पोचिराम कांबळे मारले गेले. ही नावे पुस्तकांत आली. पण ज्यांचे फक्त छप्पर जळाले, ज्यांची शेळी-कोंबडी गेली, जे तीन रात्री ज्वारीच्या पिकात बसून राहिले, त्यांची नोंद कुठे आहे? आमच्या आत्याने ते सगळे सांगितले होते. आत्या २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेली. तो मोबाईल कधीच मोडीत निघाला. आत्याचा आवाज होता तो फक्त या डब्यात, त्या टक्‌ टक्‌ करणाऱ्या डिस्कवर.

आणि आम्ही डबा दीड हजारात ठेवून येणार होतो.

खरे सांगायचे तर यात दोष आमचाच आहे. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते जर्मन पाणबुडीने बुडवले, हे आम्ही दर जयंतीच्या भाषणात सांगत आलो. त्यातून एवढे शिकलो नाही की अमोल वस्तूची एकच प्रत ठेवू नये. पाचशे रुपयांचा पेन ड्राइव्ह घ्यायला नऊ वर्षे सवड झाली नाही.

वस्तीतच एक पोरगा आहे. त्याने आयटीआयमधून 'कोपा' केले, मोबाईल दुरुस्त करतो. आम्हाला काका म्हणतो. त्याला बोलावले. त्याने आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे संगणक बंद केला. "काका, आता हा चालूच करायचा नाही. आजारी डिस्क जितक्या वेळा फिरवाल तितकी ती लवकर मरते." त्याने डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली. डिस्क आपल्या आजाराची नोंद स्वतःच ठेवत असते, ती त्याने उघडून दाखवली. किती जागा खराब झाल्या, किती वेळा वाचताना अडखळली, सगळे लिहिलेले. आम्ही म्हणालो, ते तपासणी-दुरुस्तीचे 'चेकडिस्क' चालव. त्याने कानाला हात लावले. दुखऱ्या डिस्कला तसे पिंजून काढले तर उरलेलेही जाते. आधी प्रत, मग उपचार. आणि प्रतही सगळी एकदम नाही. जे गेले तर परत मिळणार नाही ते पहिल्यांदा, चित्रपट नि गाणी शेवटी.

तीन रात्री हे काम चालले. लग्नांची नोंदवही निघाली. दाखले निघाले. समितीचे इतिवृत्त जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते, तेही निघाले. आता ते युनिकोडमध्ये आणायचे काम डोक्यावर आहे, नाही तर फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ते नुसते एबीसीडीचे भरडे दिसते. चौदा माणसांपैकी अकरा माणसांचे बोलणे पूर्ण निघाले. दोघांचे काहीच निघाले नाही. आत्याचे बोलणे दोन तुकड्यांत होते. पहिला तुकडा निघाला, दुसरा नाही. पहिल्यात लग्न, सासर, दगडखाणीवरची मजुरी, ठरावाची बातमी गावात आली तो दिवस. शेवटी आत्या म्हणते, "मंग रातच्याला कुत्रे भुकायलेते," आणि तिथे तुकडा संपतो.

मोठ्या शहरांत अशा डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात. त्यांचा खर्च आमच्या पगाराच्या बाहेरचा. डिस्क मात्र टाकलेली नाही. कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

डिस्कचे झाल्यावर संगणकाकडे वळलो. पोराने जुन्या वर्तमानपत्रावर एकेक भाग काढून मांडला. पंखा, रॅमची पट्टी, एसएमपीएस, प्रोसेसर, मदरबोर्ड. धाकट्याने विचारले, "काका, यातला कॉम्प्युटर कोणता?" आम्हाला मिलिंदप्रश्नातला नागसेन आठवला. राजा मिलिंदाला त्याने विचारले होते, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? ज्या राजाच्या नावावरून औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आहे तोच हा मिलिंद. विहारात हा प्रसंग आम्ही कितीदा वाचून दाखवला असेल, पण समोर वर्तमानपत्रावर रथ मोडून पडलेला पहिल्यांदाच पाहिला.

मदरबोर्ड ठणठणीत होता. एकही कपॅसिटर फुगलेला नव्हता. तारीख मागे जात होती ती पाटीवरचा बटनासारखा सेल संपला म्हणून. तो तीस रुपयांना मिळतो. तारीख चुकली की साइटांची सुरक्षेची प्रमाणपत्रे जुळत नाहीत, म्हणून इंटरनेट बंद. एवढ्यावरून लोकांचे संगणक भंगारात गेले असतील. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून पापडी झाली होती, ती पुसून नवी लावली. जुन्या डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे जुन्या यंत्रालाही धाप लागत नाही. चार जीबी रॅमला जोडून आणखी चार जीबीची जुनीच पट्टी घातली, कारण या काळातल्या पाटीला लागणारी डीडीआर-थ्री जुन्या बाजारातच मिळते. हिशेब असा: सेल तीस, एसएसडी अठराशे पन्नास, रॅम सातशे, पेस्ट नि पंखा दीडशे, पोराची मेहनत पाचशे. तो घेत नव्हता, आम्ही दिली. आपल्या पोराने फुकट करायचे नि परक्याला मागेल ते द्यायचे, ही आपल्यातली वाईट खोड आहे. एकूण तीन हजार दोनशे तीस. शिवाय दोन पेन ड्राइव्ह नऊशेचे. त्यातला एक घरी, एक विहाराच्या कपाटात.

राहिला प्रश्न विंडोजचा. विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चकती लागते. तिसऱ्या पिढीच्या यंत्रात ती येणार कुठून? कंपनीने घरच्या वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत दिली, पण ती वर्षाचीच. दुरुस्त्या न येणारे विंडोज तसेच चालवणारे पुष्कळ आहेत. घरचे फोटोच असते तर आम्हीही चालवले असते. पण आमच्याकडे वस्तीतल्या पोरांची आधार कार्डे, बँकेची पासबुके असतात. त्यांनी विश्वासाने दिलेली. तिथे 'चालतंय तोवर चालू द्या' म्हणता येत नाही. म्हणून लिनक्स मिंट घातले. फुकट मिळते, या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या येणार आहेत, मराठी चालते. पहिला आठवडा आम्ही चरफडलो. प्रिंटरने एक रविवार खाल्ला. आता वीस-पंचवीस सेकंदांत पडदा येतो.

प्रत्येकाने असेच करावे असे आमचे म्हणणे नाही. माळेगावच्या यात्रेत जनावर घेणारा माणूस आधी तोंड उघडून दात पाहतो, मालकाचे बोलणे नंतर ऐकतो. संगणकाचेही तेच. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, पाटी धड आहे का, डिस्क काय बोलते, हे पाहावे. पेंटियम किंवा कोअर-टू-ड्युओच्या काळातले यंत्र असेल, किंवा पाटीच जळाली असेल, तर पैसा घालू नये. हिशेब लिहिण्याचे काम करणाऱ्याला टॅली लागते, त्याला विंडोज हवेच. त्याने कंपन्यांतून निघालेले आठव्या-नवव्या पिढीचे वापरलेले यंत्र पाहावे. ते नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, फक्त पावती नि हमी घ्यावी. आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती जगभर चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे सगळा माल ओढू लागली. अमेरिकेत केंद्र उभे राहते आणि लोह्यात रॅमची पट्टी महाग होते.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात होती, ती सांगतो. डबा दीड हजारात दिला असता तर तो गेला कुठे असता? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकाने जबाबदारी घ्यायची, नोंदणीकृत कारखान्यातच मोडतोड व्हायची, असे कागदावर आहे. पण दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी वायरी जाळून तांबे आणि तेजाब ओतून पाटीवरचे सोने काढत आले आहेत, हे पुष्कळदा छापून आले आहे. जुन्या डाखात शिसे असते, वायरीच्या प्लास्टिकचा धूर छातीत जातो. आणि भंगार वेचणारे हात कोणाचे? पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातल्या बहुतेक बाया आपल्याच दलित समाजातल्या आहेत. मेलेली ढोरे ओढायचे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले, आम्ही सोडले. आता मेलेली यंत्रे ओढायला पुन्हा आपलेच हात पुढे होणार असतील, तर आपल्या घरातून निघणाऱ्या यंत्राला चार वर्षे उशीर करणे एवढे तरी आमच्या हातात होते. निघालेला जुना सेल आणि पंखा आम्ही अजून डब्यात घालून ठेवले आहेत. नांदेडला नोंदणीकृत घेणारा मिळाला की देऊ.

लेक नाराज झाली, हे लपवत नाही. मैत्रिणींकडे लॅपटॉप आहेत. तिला म्हणालो, अडतीस हजारांतले जे वाचले ते तुझ्या नावाने टाकतो, शेवटच्या वर्षाला तुझ्या पसंतीचा घे. ती म्हणाली, "लिहून द्या." कारकुनाच्या लेकीने दुसरे काय मागावे? लिहून दिले, खाली सही केली, आईचा अंगठा साक्षीला घेणार होतो, तर आईने सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती शिकली होती. आम्ही विसरलो होतो.

त्याच रात्री आत्याचा उरलेला तुकडा लावला. सगळे जमिनीवर बसून ऐकत होतो. 'कुत्रे भुकायलेते' पर्यंत आले आणि आवाज थांबला. धाकट्याने पुन्हा लावला. पुन्हा तिथेच थांबला. आई आमच्याकडे पाहत होती. १९७८ ला ती त्या घरात तीन वर्षांची सून होती. चौदा माणसांची यादी करताना आम्ही तिला धरलेच नव्हते, घरचीच म्हणून.

ती म्हणाली, "पुढचं मला ठाव हाय. मीबी व्हते की तिथं."

लेकीने मोबाईल काढला, आईपुढे पाटावर ठेवला. आईने पदर सारखा केला.

"कुत्रे भुकायलेते," आई म्हणाली, "तव्हा तुह्या आज्यानं आधी दिवा इझवला."